ताज्या हवेचा डॅम्पर डक्टच्याच मापाचा का घेऊ नये

आपल्या प्रश्नातील माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढची आकडेमोड इतर वाचकांनाही पडताळून पाहता येईल. पुण्यातील एका इमारतीत प्रशिक्षण वर्गांचा सुमारे ९,००० चौरस फुटांचा मजला आहे आणि त्यासाठी १२,००० सीएफएमचे (घनफूट प्रति मिनिट) एक एएचयू, म्हणजे हवा थंड करून खेळवणारे यंत्र, बसवले आहे. त्याला कमाल २,४०० सीएफएम ताजी हवा ६०० बाय ६०० मिमीच्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंदिस्त मार्गातून, मिळते. त्याच मापाचा, पॅरलल ब्लेडचा (सर्व ब्लेड एकाच दिशेने फिरणारा) मोटराइज्ड डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, परतीच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार बीएमएसवरून, म्हणजे इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेवरून, चालतो. डॅम्पर ३० टक्के उघडला की दोन तृतीयांश हवा येऊन जाते, निम्म्यापुढे तो कितीही उघडला तरी फारसा फरक पडत नाही आणि वर्ग अर्धे रिकामे असताना ॲक्च्युएटर (डॅम्पर फिरवणारी मोटर) सतत पुढे-मागे होत राहतो, अशी आपली तक्रार आहे. बीएमएसवाले डॅम्परला दोष देतात, डॅम्परवाले ट्यूनिंगला, म्हणजे नियंत्रणाच्या जुळवणीला. नवा डॅम्पर कोणत्या प्रकारचा आणि किती मापाचा घ्यावा, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते डॅम्पर बिघडलेला नाही आणि ट्यूनिंग कितीही केले तरी ही तक्रार जाणार नाही. हवा कमी-जास्त करण्याचे काम ज्या डॅम्परकडून घ्यायचे, त्याचे माप डक्टवरून ठरवायचे नसते. त्या मार्गातील एकूण प्रेशर ड्रॉपपैकी (दाबातील घटीपैकी) किती वाटा डॅम्परच्या वाट्याला येतो, यावरून ते ठरवायचे असते. ड्रॉइंगवर मात्र डक्टच्या रेषेवर डॅम्परची खूण काढली जाते, बीओक्यूमध्ये (कामाच्या परिमाणांच्या यादीत) डक्टचेच माप उतरते आणि फॅब्रिकेटर त्या मापाची फ्रेम वाकवून मोकळा होतो. या साखळीत डॅम्परचा स्वतंत्र हिशेब करणारा कोणी उरतच नाही.

हा वाटा म्हणजेच डॅम्परची ऑथॉरिटी. डॅम्पर पूर्ण उघडा असताना, ठरलेल्या प्रवाहाला त्याच्यावर जितका प्रेशर ड्रॉप होतो, त्याला संपूर्ण मार्गाच्या ड्रॉपने भागले की ती मिळते. यातील मार्ग कोणता, याबाबत नेहमी गोंधळ होतो. पंख्याचा एकूण स्टॅटिक प्रेशर येथे घ्यायचा नाही. आपल्या बाबतीत मार्ग बाहेरच्या लूव्हरपासून (तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्यापासून) सुरू होतो आणि ताजी व परतीची हवा जेथे मिसळते त्या मिक्सिंग चेंबरपाशी संपतो, कारण चेंबरमधील ऋण दाब मुख्यतः परतीच्या हवेच्या मोठ्या प्रवाहावर ठरतो आणि ताज्या हवेचा डॅम्पर हलला तरी तो फारसा बदलत नाही.

आता आपले आकडे घेऊ. २,४०० सीएफएम म्हणजे सेकंदाला सुमारे १.१३ घनमीटर, आणि ६०० मिमी चौरस डक्टमध्ये तिचा वेग साधारण ३.१५ मीटर प्रति सेकंद होतो. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की व्हेलॉसिटी प्रेशर (वेगामुळे येणारा दाब) पास्कलमध्ये मिळतो, तो येथे सहाच्या आसपास येतो. डक्टमध्ये दोन्ही बाजूंनी जोडलेल्या, पूर्ण उघड्या बहुब्लेडी डॅम्परचा लॉस कोएफिशंट (अडथळ्याचा गुणांक) साधारण ०.५ असतो, म्हणजे आपल्या डॅम्परवर जेमतेम ३ पास्कल पडतात. लूव्हर, प्रीफिल्टर आणि वळणे मिळून ७२ पास्कल होतात, असे आपण पाठवलेल्या मोजमापांवरून दिसते. एकूण ७५ पास्कलपैकी ३ म्हणजे ४ टक्के. इतक्या कमी ऑथॉरिटीचा डॅम्पर बराच बंद होईपर्यंत प्रवाहाला त्याची दखलच घ्यावी लागत नाही, कारण प्रवाह लूव्हर आणि फिल्टर अडवत असतात.

डक्ट डिझाइनच्या नेहमीच्या तक्त्यांतील कोएफिशंट वापरून मी याचा हिशेब करून पाहिला. पॅरलल ब्लेड आणि ४ टक्के ऑथॉरिटी असताना ब्लेडचा प्रवास केवळ ११ टक्के झाला की ३२ टक्के हवा येते. एक तृतीयांश उघडल्यावर ७० टक्के येते, आणि निम्मा उघडल्यावर ८२ टक्के. आपल्या निरीक्षणाशी हे आकडे चांगले जुळतात. सुरुवातीला डॅम्पर एक टक्का हलला की हवा जवळपास ३ टक्क्यांनी बदलते. वरच्या अर्ध्या प्रवासात तेवढ्याच हालचालीने ती सरासरी ०.३६ टक्क्याने बदलते. दोन्ही टोकांच्या संवेदनशीलतेत आठ पटींचे अंतर असल्यावर एकच गेन (नियंत्रकाच्या प्रतिसादाची तीव्रता) दोन्हीकडे कसा चालणार? वर्ग भरलेले असताना नीट वागेल असा गेन ठेवला, तर वर्ग रिकामे असताना ॲक्च्युएटर डोलू लागतो. रिकाम्या वर्गांसाठी तो मंद केला, तर दुपारी वर्ग भरल्यावर कार्बन डायऑक्साइड चढत राहतो आणि डॅम्पर सावकाश मागून येतो.

रिकाम्या वर्गांची अवस्था आणखी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ॲश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेच्या ६२.१ या वायुवीजन मानकानुसार माणसांसाठी लागणारी हवा कमी करता येते, पण क्षेत्रफळासाठीचा वाटा, जो अशा वर्गांना चौरस फुटाला ०.०६ सीएफएम आहे, तो वर्गात माणसे थोडीच असली तरी पूर्ण द्यावा लागतो. आपल्या मजल्यावर तो ५४० सीएफएम होतो, म्हणजे कमाल हवेच्या २२ ते २३ टक्के. सध्याच्या डॅम्परमध्ये एवढीच हवा हवी असेल तर ब्लेड १० टक्क्यांपेक्षाही कमी उघडी ठेवावी लागते. त्या पट्ट्यात लिंकेजची (ब्लेड जोडणाऱ्या दांड्यांची) ढिलाई, बुशची झीज आणि सीलमधून होणारी गळती यांचाच अंमल असतो. बीएमएसच्या पडद्यावर ८ टक्के दिसत असले तरी ब्लेड प्रत्यक्षात ५ टक्क्यांवर आहे की ११, हे कोणालाच ठाऊक नसते. आपला ॲक्च्युएटर नेमका याच पट्ट्यात डोलतो.

यावर दोन उपाय आहेत आणि आपल्या बाबतीत ते एकत्र करावेत. पहिला ब्लेडच्या प्रकाराचा आहे. शेजारशेजारच्या ब्लेड एकमेकींविरुद्ध फिरणारा, म्हणजे अपोज्ड ब्लेडचा डॅम्पर बंद होताना सुरुवातीपासूनच जास्त अडथळा करतो, त्यामुळे कमी ऑथॉरिटीतही तो बराच सरळ वागतो. याच ६०० मिमी मापात केवळ ब्लेडचा प्रकार बदलला, तर एक तृतीयांश उघडल्यावर ७० ऐवजी ३९ टक्के हवा येते. निम्म्यावर मात्र अजूनही ७० टक्के येते, म्हणून मापही बदलायला हवे. साधारण सरळ प्रतिसाद मिळावा यासाठी अपोज्ड ब्लेडला सुमारे १० टक्के ऑथॉरिटी पुरते, तर पॅरलल ब्लेडला ३० टक्क्यांच्या आसपास लागते. आपल्या मार्गावर पॅरलल ब्लेडने ३० टक्के गाठायचे म्हटले, तर डॅम्पर जेमतेम ३४० मिमी चौरस घ्यावा लागेल आणि त्यातून हवा १० मीटर प्रति सेकंद वेगाने जाईल. एवढा वेग आवाजाच्या दृष्टीने मला पटत नाही, आणि ३० पास्कल विनाकारण खर्ची घालण्याचेही कारण दिसत नाही.

म्हणून माझी शिफारस ४५० बाय ४५० मिमीच्या अपोज्ड ब्लेड डॅम्परची आहे. त्यातील वेग सुमारे ५.६ मीटर प्रति सेकंद येतो आणि पूर्ण उघडा असताना ड्रॉप १० पास्कल होतो, म्हणजे ८२ पैकी १०, ऑथॉरिटी १२ टक्के. याच तक्त्यांवरून काढलेला प्रतिसाद असा आहे: एक तृतीयांश उघडल्यावर २४ टक्के हवा, निम्म्यावर ४९ टक्के आणि दोन तृतीयांशावर ७४ टक्के. आपली किमान ५४० सीएफएम हवा आता ब्लेड एक तृतीयांश उघडी असताना मिळेल. तेथे लिंकेजच्या एक-दोन अंशांच्या ढिलाईने काही बिघडत नाही.

याची किंमत काय, हेही सांगायला हवे. ६०० वरून ४५० वर येणारी आणि पुन्हा ६०० वर जाणारी ट्रान्झिशन धरली, तर मार्गात आणखी ३ ते ४ पास्कल वाढतात. एकूण ८६ पास्कल झाले आणि मिक्सिंग चेंबरमध्ये ओढ ७५ चीच राहिली, तर कमाल हवा २,४०० ऐवजी २,२४० च्या आसपास येईल. ती भरून काढण्यासाठी परतीच्या हवेचा डॅम्पर थोडा आवळून चेंबरची ओढ ११ पास्कलने वाढवावी लागेल. ही वाढ फक्त ताज्या हवेवर नाही, तर पंख्याच्या संपूर्ण १२,००० सीएफएमवर पडते, ही गोष्ट हिशेबात बहुतेकांकडून सुटते. तरीही पंखा आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर वीज सव्वाशे वॉटच्या आतच वाढते. नियंत्रण सुधारल्यामुळे अर्ध्या रिकाम्या वर्गांत उगाच येणारी गरम, दमट हवा थंड करणे वाचेल, आणि त्यापुढे हा खर्च नगण्य आहे.

ट्रान्झिशन बनवताना हवा आत शिरण्याच्या बाजूचा उतार ३० अंशांपर्यंत चालतो, पण डॅम्परनंतर डक्ट रुंदावते तेथे तो १५ अंशांच्या आत ठेवावा. जागा नसेल तर सध्याच्याच डक्टमध्ये चारही बाजूंनी जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची चौकट लावून मधे ४५० चा डॅम्पर बसवता येतो. त्यात अचानक आकुंचन आणि प्रसरण झाल्यामुळे आणखी ७ ते ८ पास्कल जातात, ते वरच्या हिशेबात मिळवावेत. दुरुस्तीच्या कामात मी ही पद्धत गैर मानत नाही, फक्त चौकटीच्या कडा गॅस्केटने नीट बंद असल्या पाहिजेत.

वर वापरलेला ०.५ हा कोएफिशंट डॅम्परच्या दोन्ही बाजूंना सरळ डक्ट असेल तेव्हाचा आहे. उत्पादकांचे आकडे बहुधा ॲम्का या पंखे-डॅम्परच्या क्षेत्रातील संस्थेच्या ५००-डी या चाचणीतून येतात, आणि त्या चाचणीत मांडणीप्रमाणे वेगवेगळ्या आकृत्या आहेत: ५.३ मध्ये दोन्ही बाजूंना डक्ट, ५.२ मध्ये फक्त आत येणाऱ्या बाजूला, आणि ५.५ मध्ये डॅम्पर भिंतीत किंवा प्लेनममध्ये (हवेच्या मोठ्या कप्प्यात) उघडाच बसवलेला. एकाच डॅम्परचा ड्रॉप शेवटच्या मांडणीत कितीतरी जास्त येतो. कॅटलॉगमधील आलेख कोणत्या आकृतीचा आहे, हे न पाहता घेतलेला आकडा आपल्या कामाचा नाही. लहान मापांतही सावध राहावे. ३०० मिमीच्या डॅम्परमध्ये फ्रेम आणि ब्लेडची जाडी मोकळ्या क्षेत्राचा मोठा हिस्सा खाते, त्यामुळे त्याचा कोएफिशंट मोठ्या डॅम्परपेक्षा जास्त निघतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि येथील हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. गेजवर पास्कल त्या प्रमाणात कमी दिसतात, पण ऑथॉरिटी हे गुणोत्तर असल्याने तिच्यात फरक पडत नाही.

बंद असतानाच्या गळतीचाही विचार निवडीतच करावा. ॲम्काच्या वर्गवारीत १ इंच पाण्याच्या दाबाला, म्हणजे सुमारे २५० पास्कलला, वर्ग ३ च्या डॅम्परमधून चौरस फुटाला ४० सीएफएमपर्यंत गळती चालते, वर्ग २ मधून १० आणि वर्ग १ मधून ४. आपल्या नव्या डॅम्परचे क्षेत्र सव्वादोन चौरस फुटांच्या आत आहे, त्यामुळे वर्ग ३ आणि वर्ग १ यांच्यातील फरक या दाबाला फार तर ८० सीएफएम. आकडा लहान वाटेल, पण पावसाळ्यात रात्रभर बंद असलेल्या एएचयूमध्ये बाहेरची दमट हवा शिरत राहिली की कॉइलच्या ट्रेभोवती आणि इन्सुलेशनवर बुरशी धरते, म्हणून ताज्या हवेसाठी मी वर्ग १ खाली जात नाही. परतीच्या हवेच्या डॅम्परला एवढ्या घट्टपणाची गरज नसते. मुंबई, कोकण किंवा गोव्यात काम असते तर ॲल्युमिनियमच्या एअरफॉइल ब्लेड, स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट आणि हवेच्या प्रवाहाबाहेर ठेवलेले लिंकेज यांचा आग्रह धरला असता, कारण खाऱ्या हवेत जीआयचे सांधे लवकर जाम होतात. पुण्यात जीआय चालते. येथे त्रास बांधकामाच्या धुळीचा अधिक असतो आणि तो सीलला आणि बुशला जाणवतो.

ॲक्च्युएटरचा हिशेब सोपा आहे. सील असलेल्या अपोज्ड ब्लेडला चौरस मीटरमागे साधारण ६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, पॅरलल ब्लेडला साडेआठपर्यंत. आपल्या ०.२ चौरस मीटरला सव्वा न्यूटन-मीटर होतो, त्यामुळे बाजारातील ५ न्यूटन-मीटरचा ॲक्च्युएटर धूळ आणि झीज धरूनही पुरेसा आहे. तो थेट शाफ्टवर बसवावा, मधे क्रँक आणि रॉड नकोत. क्रँकची लांबी जुळली नाही तर ॲक्च्युएटर पूर्ण ९० अंश फिरतो आणि ब्लेड मात्र साठच अंश, असे प्रकार साइटवर वारंवार दिसतात. पडद्यावर १०० टक्के आणि आत ब्लेड तिरपी. वीज गेल्यावर किंवा एएचयू बंद झाल्यावर ताजी हवा बंद व्हावी म्हणून स्प्रिंग रिटर्नचा ॲक्च्युएटर घ्या, आणि बीएमएसला फक्त दिलेला आदेश न दाखवता ॲक्च्युएटरकडून परत येणारा स्थितीचा सिग्नलही जोडून घ्या.

डॅम्पर न बदलता बीएमएसमध्ये प्रतिसादाचा तक्ता घालून तो सरळ करता येणार नाही का, असे आपले नियंत्रण कंत्राटदार विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. करता येतो, आणि ऑथॉरिटी थोडीच कमी असेल तेथे मीही तसे सुचवतो. पण आपली किमान हवा प्रवासाच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यात अडकली आहे, आणि यांत्रिक ढिलाई सॉफ्टवेअरने जात नाही. प्रवाह थेट मोजून डॅम्पर चालवण्याचा विचार असेल, तर सेन्सरची मर्यादा लक्षात घ्या: ५४० सीएफएमला सध्याच्या डक्टमधील वेग ०.७ मीटर प्रति सेकंद असतो आणि व्हेलॉसिटी प्रेशर अवघा ०.३ पास्कल. पिटो नळीवर चालणारे साधन एवढा दाब भरवशाने वाचू शकत नाही. तेथे थर्मल प्रकारचे साधन लागेल. एएचयूच्या पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे साधन) असेल आणि तो दिवसभर वेग बदलत असेल, तर मात्र असे मोजमाप टाळता येणार नाही, कारण पंखा मंदावला की चेंबरची ओढ घटते आणि डॅम्पर जागचा न हलताही ताजी हवा कमी होते.

थंडीच्या दिवसांत बाहेरची हवाच थंडाव्यासाठी वापरण्याचा आपला बेत असल्याचे प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे. पुण्यात हिवाळ्यातील रात्री आणि सकाळी तो फायद्याचा ठरतो. मुंबईच्या दमट हवेत मी तो सहसा सुचवत नाही. पण त्यासाठी लागणारा १२,००० सीएफएमचा मोठा डॅम्पर ५४० सीएफएम नियंत्रित करू शकणार नाही. किमान ताज्या हवेचा हा ४५० चा डॅम्पर स्वतंत्र ठेवा आणि मोठा डॅम्पर त्याच्या शेजारी, स्वतःच्या लूव्हरसह बसवा. मोठ्या डॅम्परला पॅरलल ब्लेड चालतील, किंबहुना त्या परतीच्या हवेच्या झोताकडे वळवून बसवल्या तर दोन्ही हवा अधिक चांगल्या मिसळतात.

मजल्यावरच्या शाखांतील हाताने लावायच्या व्हीसीडींना (हवेची वाटणी करणाऱ्या साध्या डॅम्परना) मात्र हा सगळा खटाटोप नको. ते बॅलन्सिंगच्या वेळी एकदाच लावून क्वाड्रंट (स्थिती पक्की करणारी मूठ) घट्ट करायचे असतात, त्यामुळे डक्टच्याच मापाचे घेतले तरी हरकत नाही. दक्षता एवढीच की ते शाखा जेथे फुटते तेथे असावेत. डिफ्यूझरच्या (छतातील हवा सोडणाऱ्या तोंडाच्या) गळ्यातला डॅम्पर आवळून तेथे पंचवीस-तीस पास्कलपेक्षा जास्त दाब खर्च केला की वर्गात शिट्टीसारखा आवाज येतो, आणि फॉल्स सीलिंगच्या खाली त्याला कसलीच आडकाठी नसते. सर्वात दूरच्या शाखेचा डॅम्पर पूर्ण उघडा सोडून बाकीचे त्याच्या तुलनेत आवळावेत, आणि अंतिम स्थितीची खूण क्वाड्रंटवर रंगाने करून ठेवावी.

ऑर्डर देण्यापूर्वी एक दुपार काढून सध्याच्या डॅम्परवर चाचणी करा. मॅग्नेहेलिक गेजची (दाबातील फरक दाखवणाऱ्या साधनाची) एक नळी डॅम्परच्या आधी आणि एक नंतर लावा, दुसरा गेज बाहेर आणि मिक्सिंग चेंबर यांच्यात ठेवा, आणि बीएमएसवरून डॅम्पर १० टक्क्यांच्या टप्प्यांनी उघडत प्रत्येक वेळी दोन्ही दाब, लूव्हरवरचा प्रवाह आणि ब्लेडचा प्रत्यक्ष कोन लिहून घ्या. प्रीफिल्टर स्वच्छ असताना एकदा आणि मळलेला असताना एकदा, असे दोनदा करा. मळलेल्या फिल्टरने मार्गाचा ड्रॉप ७२ वरून १०० पास्कलपर्यंत गेला, तरी ४५० च्या डॅम्परची ऑथॉरिटी ९ टक्क्यांच्या आसपास राहते आणि निवड बदलण्याचे कारण नाही. तो त्याहून बराच जास्त निघाला, तर आधी फिल्टरचे क्षेत्र वाढवा आणि डॅम्परचे माप त्यानंतर पक्के करा.